मुकी पेटी

गौरवग्रंथासाठी लेख द्यायला फार उशीर झाला, संपादक मंडळींनी माफ करावे. माझी शाळा सातवीतच सुटली, लिहायची सवय नाही; त्यात दिगंबरभाऊंच्या हाताची काळजी. दोन ओळी झाल्या की पेन ठेवून मी फोनकडे पाहत बसतो.

भाऊंच्या पंचाहत्तरीला त्यांनीच पेटी वाजवावी, असे आपल्या कन्हानच्या भजनी मंडळाने ठरवले होते. आणि नेमके आताच ते बेशाला मुला-सुनेच्या घरी घसरून पडले. उजवे मनगट मोडले.

आमची ओळख जुनी. माझे सायकलचे दुकान त्यांच्या घरासमोर होते. भाऊ खाणीत फिटर होते, पाळी सारखी बदलायची. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मुले लहान. भजनाला नीट साथ करता यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. एका दुपारी दुरुस्त केलेली सायकल द्यायला गेलो, तर भाऊंची बोटे पेटीवर फिरत होती आणि आवाज काहीच नव्हता. भाता बंद.

"पेटी बिघडली काय, भाऊ?"

"हळू बोल गा! मायचा आत्ताच डोळा लागला."

"मग वाजवता काहून?"

"बोटाईले कुठं माहीत आहे, आवाज बंद आहे म्हणून?"

मला तबल्याचा नाद होता. पुढे मीही समोर बसून मांडीवर ठेका धरू लागलो. वहिनी दारातून म्हणायच्या, "पाहा बाप्पा! आवाज नाही न काही नाही, अन् दोघंही माना डोलावून राहिले!"

धरमपेठेतल्या एका वाद्यवृंदाने भाऊंना बोलावले होते. गावोगाव फिरावे लागणार होते. आईला सोडून जाणे नको म्हणून त्यांनी नकार दिला. आता हे चिडून पेटी माळ्यावर टाकतात की काय, या धास्तीने मी संध्याकाळी गेलो. तीच बोटे, तोच बंद भाता.

माझी पत्नी आजारी पडली तेव्हा दुकान, दवाखाना आणि स्वयंपाक यांत माझा तबला सुटला. भाऊ घरी आले.

"आता नाही जमत, भाऊ."

"तासभर कोण म्हणते तुले? चहा उकळेपर्यंत बस."

बसलो. माझे लक्ष सगळे चहाकडे, तरी तो उतू गेलाच. मी उठणार, तोच भाऊंनी फडके उचलले. "तू ठेका सोडू नको," म्हणाले आणि माझी शेगडी स्वतः पुसून काढली. पत्नी पुढे बरी झाली. तबला अजून चालू आहे, तो त्या चहामुळे.

परवा बेशाला जाऊन आलो. प्लास्टर निघाले आहे. भाऊंनी चादरीवर हात ठेवून बोटे चालवून दाखवली. सगळी चालली, करंगळी मात्र तशीच पडून राहिली.

"हिचा डोळा लागला आहे," भाऊ हसून म्हणाले. "झोपू दे."

मीही हसलो. पण घरी येईपर्यंत मी माझीच करंगळी हलवून पाहत होतो.

भाऊंना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यात हाताचे दुखणे नसो. समारंभाला मी तबला घेऊन त्यांच्यासमोर बसणार आहे. भाता बंद राहिला तरी मी ठेका धरीन. पण सूनबाई, करंगळी हलली तर हा ग्रंथ छापून यायची वाट पाहू नका. तेवढा फोन लगेच करा.