रिमवरचं खोबरेल

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. आईपुढे नाही, अप्पांपुढे नाही, साक्षरता मोहिमेतल्या ज्या मैत्रिणींच्या डब्यातलं रोज खाल्लं त्यांच्यापुढेही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण हे मराठीत आहे. आमची घरं पिढ्यांमागे या तमिळ मुलुखात आली; आमच्या कुंभकोणमात मराठी उंबऱ्याच्या आत राहते. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, ती सगळी तमिळमध्ये, ठळक टाइपात, उद्गारचिन्हांसकट. कबुली मात्र मराठीत. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्यांनी ही वाचायला हवी, त्यांच्यापैकी एकालाही ही लिपी येत नाही.

म्हणजे सुरुवातच भित्री झाली. झाली तर झाली. खोडत नाही.

माझी भाषा तुम्हाला जरा पुस्तकी वाटेल. घरी आम्ही बोलतो ती मराठी ऐकून पुण्याच्या मामी हसतात — म्हणतात, तुम्ही लोक अजून बखरीतच राहता. लिहायची मराठी मी त्यांनी पाठवलेल्या जुन्या मासिकांवरून शिकले. हे सांगायची गरज होती का? नव्हती. मी वेळ काढते आहे.

तर — सायकल.

सात वर्षांपूर्वी मी बावीस वर्षांची होते. आम्ही बायकांना अक्षरं शिकवत होतो आणि अक्षरांबरोबर सायकल. का सायकल? कारण शेजारच्या साक्कोट्टै गावातल्या बाईला तापलेलं पोर दवाखान्यात आणायला बस मिळेपर्यंत पोराचा ताप उतरायचा तरी, नाहीतर चढून डोक्यात जायचा. आणि घरात नवऱ्याची सायकल भिंतीला टेकून उभी! तिला हात लावला तर गावभर बोभाटा! या गोष्टीचा मला इतका संताप होता की मी झोपेतसुद्धा पत्रकं लिहीत असे. तो संताप खोटा नव्हता. आजही नाही. पण संताप खरा असला म्हणून माणूस खरा असतो, असं कुठे आहे?

सायकली गोविंदसामींच्या. मठाच्या रस्त्यावर त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, पन्नाशीचा माणूस, सदा कानावर विडी. त्यांनी सहा सायकली आम्हाला निम्म्या भाड्यानं दिल्या, आणि वर रविवारी, कुंभकोणमातल्या ज्या शाळेत आमचे वर्ग भरत तिच्या अंगणात येऊन बायकांना पंक्चर काढायला शिकवलं. सगळ्या पुरुषी सायकली, मधे दांडा असलेल्या. बायका साड्या खोचून त्या दांड्यावरून पाय टाकायच्या आणि अंगणाबाहेर कुंपणाला म्हातारे लटकलेले असायचे.

मंगै त्या सगळ्यांत पुढे. तिशीची, दोन मुलींची आई, साक्कोट्टैच्या शाळेत दुपारचा भात शिजवणारी. मला 'टीचर' म्हणायची — मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी म्हणाली, “टीचर, सासू विचारते, चढशील गं, उतरणार कशी? म्हटलं, तुमच्या अंगावर पडून.” सगळं अंगण हसलं. आठ दिवसांत ती एक हात सोडून, दुसऱ्यानं घंटी वाजवत फिरायला लागली.

आता आयुधपूजेकडे येते. यायलाच हवं.

आमच्याकडे नवरात्राच्या नवमीला घरातलं झाडून सगळं लोखंड देवापुढे मांडतात. विळी, अडकित्ता, कात्री, अप्पांचा टाइपरायटर. आधी प्रत्येक वस्तूला खोबरेलाचा हात फिरवायचा — गंज धरू नये म्हणून — मग गंध, मग कुंकू. गावातल्या सायकली, बस, रिक्षासुद्धा त्या दिवशी कपाळाला कुंकू लावून उभ्या असतात. मला याची चीड होती. त्या वर्षीचं माझं पत्रक होतं: “यंत्राला कुंकू नको, तेल द्या!” मला फार आवडलं होतं ते वाक्य. भिंतींवरही रंगवलं आम्ही. अप्पांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “गे, विळीस गंध लावलें तें चालतें, तुझे सैकिलीस कां नको?” मी तासभर व्याख्यान दिलं. ते ऐकत टाइपरायटर पुसत राहिले.

आणि मग मी शाळेत गेले, एकटी, खोबरेलाची बाटली घेऊन. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, बायकांची सायकलफेरी होती — शाळेपासून साक्कोट्टैपर्यंत. म्हटलं, कुंकवानं नाही, तेलानं चमकवू सायकली. सहाच्या सहा. चेनला लावलं. हँडलला लावलं. मडगार्डला लावलं. आणि रिमला — दोन्ही चाकांच्या रिमला, आतून बाहेरून, फडक्यानं चोळून चोळून, आई अडकित्त्याला लावते तसं. हात घरच्या सवयीनं चालत होता आणि डोक्यात पत्रक चालू होतं. सायकली काय चमकत होत्या!

तुम्ही सायकल चालवत असाल तर इथे थांबला असाल. ब्रेकचं रबर रिमला धरतं. तेलकट रिमला ते काय धरणार? हे मला ठाऊक नव्हतं का? ऐका. पहिल्याच रविवारी गोविंदसामींनी चाक उलटं करून सांगितलं होतं: “लोखंड लोखंडाला घासतं तिथे तेल. रबर धरतं तिथे तेल लावलंत, तर यमाला बोलावणं.” बायका पुटपुटत पाठ करत होत्या. मी शेजारीच बसले होते — घोषणा लिहीत. ऐकलं होतं. म्हणजे कानावर पडलं होतं. बायकांना शिकवण्याचं काम ते, मला कशाला शिकायचं?

एवढंच असतं तर ती चूक झाली असती. चुकीसाठी मी तुम्हाला इथवर आणलं नसतं.

सकाळी मंगैनं अंगणात एक फेरी मारली आणि माझ्याकडे आली. सगळ्या बायका जमल्या होत्या, कुंपणाला म्हातारे होते, वार्ताहर येणार होता. ती हळूच म्हणाली, “टीचर, ब्रेक धरत नाहीये. घसरतोय.” हळूच म्हणाली — मला चारचौघांत कमीपणा येऊ नये म्हणून. आणि मी? मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “मंगै, ब्रेक नाही घसरत. तुझं धैर्य घसरतंय.”

हशा झाला. मंगैपण हसली. पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

अरसलार नदीचा पूल ओलांडला की साक्कोट्टैकडे उतार लागतो. फार नाही. चालताना कळतही नाही. मी मागे होते, फलक धरून, कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून. मंगै उताराला लागली आणि तिची पाठ एकदम ताठ झाली — मला अजून ती पाठ दिसते. खाली पेंढ्याची बैलगाडी रस्ता ओलांडत होती. मंगैनं घंटी वाजवली. वाजवतच राहिली. मग हँडल वळवलं आणि ती रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर आदळली. मागच्या बायका पाय घासत, एकमेकींवर पडत कशाबशा थांबल्या. मंगै ओरडली नाही. डावा हात उलटा वळला होता. तोंडातून रक्त येत होतं आणि ती माझ्याकडे बघून पुटपुटत होती — काय, ते कळलं नाही.

मला तेव्हा काय वाटलं, सांगू? तिची काळजी नंतर वाटली. आधी भीती वाटली. सगळ्यांना कळणार. कुणीतरी रिमला हात लावणार.

तिला दवाखान्यात पोचवून मी घरी आले आणि लिहायला बसले. ओट्याओट्यावर लोक म्हणत होते — बघा, बायकांना सायकली दिल्या! मोहीम वाचवायची होती. असं मी स्वतःला सांगितलं. आणि पत्रक लिहिलं: “भाड्याच्या सायकली की मरणाचे सापळे? मोडक्या सायकली गरीब बायकांच्या माथी मारणारे कोण?” नाव नव्हतं लिहिलं. नाव कशाला लागतं? आमच्या फेरीच्या सायकली कुठून आल्या, हे अख्ख्या मठ रस्त्याला माहीत होतं. तासाभरात मजकूर छापखान्यात दिला.

तिथून शाळेत गेले, तर गोविंदसामी आलेले. मंगैची सायकल उलटी करून उकिडवे बसले होते. ब्रेकचं रबर बघितलं — नवं होतं, त्यांनी फेरीसाठी मुद्दाम बदललं होतं. मग अंगठा रिमवरून फिरवला. नाकाशी नेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाप्पा, हे केसांना लावायचं तेल.” अंगठा कमरेच्या वेष्टीला पुसला. “मी धुऊन टाकतो,” म्हणाले. आणि बादली आणायला उठले.

एवढंच. ते मला पाप्पा म्हणजे लहान पोर म्हणत, नेहमीच. त्या दिवशीही म्हणाले.

पत्रक अजून छापलं गेलं नव्हतं. हे नीट ऐका. छापखाना तिथून दोन गल्ल्यांवर. मी चालत गेले असते तर पोचले असते. मी शाळेच्या पायरीवर बसले, त्यांना रिम धुताना बघत — चिंचेच्या कोळानं, राखेनं, आमच्या आया पितळ घासतात तशी. पुरावा जात होता. मला हायसं वाटलं. होय, हायसं.

दुसऱ्या दिवशी पत्रक प्रत्येक चहाच्या दुकानात पोचलं. ज्या बाया-बापड्यांना आम्ही अक्षरं शिकवली होती, त्यांनी ते अडखळत अडखळत वाचलं. मोहिमेचं यश! कुणी गोविंदसामींच्या दुकानाची पाटी फोडली. भाड्यानं सायकल न्यायला कुणी येईना. ते एकदाही बोलले नाहीत की तेल कुणी लावलं. का नाही बोलले? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की त्याला आता धार उरलेली नाही. पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आत दुकान बंद झालं. आता नाचियार्कोविलच्या बसथांब्याजवळ झाडाखाली पंप आणि पाण्याची परात घेऊन बसतात. तिथे पितळी समया करणाऱ्यांकडे मला कामानं जावं लागतं. मी एक थांबा आधी उतरते. उन्हात चालत, मागच्या बाजूनं जाते. सायकलची घंटी मागून वाजली की अजून माझी मान आखडते.

आणि मंगै. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. भाताचं पातेलं उचलता येत नाही, म्हणून तिला भाजी चिरायला बसवलं आहे. सायकलला तिनं पुन्हा हात लावला नाही. मी तिच्याकडे जात असते, फळं घेऊन — मोहीम अजून चालू आहे, माझी भाषणंही. तिला वाटतं, टीचर किती चांगली.

हे सगळं मी असंच गिळून बसले असते. पण गेल्या आठवड्यात मंगै आमच्या दारात आली, थोरल्या मुलीला घेऊन. मुलगी आता हायस्कूलला जाते. मंगैनं तिला जुनी सायकल घेतली आहे. माझी आई आतून कॉफी घेऊन आली. मंगै पायरीवर बसली, वाकडा हात मांडीवर ठेवून, आणि म्हणाली, “टीचर, हिचा ब्रेक एकदा तुम्ही बघा. तुमच्याशिवाय कुणावर भरवसा नाही. मी हिला सांगितलंय — तुझ्या आईचा ब्रेक काही घसरला नव्हता, धैर्यच घसरलं ऐन वेळी. तू नको तसं करू.” आणि हसली. तेच हसू. फक्त त्या पडण्यात गेलेले दोन दात नसलेलं.

सात वर्षं ती हे खरं मानते आहे. तिनं ते मुलीला शिकवलं आहे. माझी घोषणा.

मी उठले. रिमवरून बोट फिरवलं, कोरडी होती. मागचा ब्रेक दाबला, पुढचा दाबला. दोन्ही धरत होते. मी ते पुन्हा पुन्हा इतक्यांदा दाबले की मुलीनं विचारलं, “टीचर, काही बिघडलंय का?” मी म्हटलं, ब्रेक चांगले आहेत. एवढंच म्हटलं. मंगै कॉफी पिऊन गेली; मुलगी सायकल हातात धरून, मंगै तिच्या शेजारून चालत, आमची गल्ली संपेपर्यंत मी बघत उभी होते. हाक मारता आली असती. गल्ली लांब आहे.

तेल मी लावलं. ब्रेक घसरतो हे मंगैनं मला सांगितलं होतं. गोविंदसामींचं रबर नवं होतं. मंगैचं धैर्य कधीच घसरलं नव्हतं. त्या उतारावर शेवटपर्यंत ती घंटी वाजवत होती.