लागला का?

समोरच्या घरातल्या काकांनी भंगारातले भाग आणून स्वतः जीप जुळवली आणि मागे धुक्यासाठी लाल दिवाही बसवला. "हदगावात धुकं कुठलं, काका?" मी विचारलं. म्हणाले, "नसू दे. मागून येणाऱ्याला आपण दिसाय पाह्यजे, बाबा."

सीटवर बसल्यावर मागचा दिवा दिसत नाही. म्हणून रोज सकाळी ते बटण दाबून ओरडायचे, "लागला का?" दात घासत उभी असलेली गल्ली ओरडायची, "हाव, लागला!"

नांदेडला पासिंगच्या दिवशी मी सोबत होतो. सवयीनं काका तिथंही ओरडले. दिवा तपासायला मागे वाकलेले आरटीओचे साहेब दचकले, मग हसून म्हणाले, "लागला की हो, काका!"

भर उन्हात दिवा लावूनच आम्ही परतलो. जीप गल्लीत वळली, आणि काकांनी तोंड उघडायच्या आत सगळे ओरडले, "लागला!"