गोठ्याचा उंबरा

दारात दोन बायका उभ्या होत्या. धाकटीच्या हातात नकाशाची झेरॉक्स होती आणि तिचं बोट खालच्या सहीवर होतं.

"ही सही तुमचीच ना?"

मी काही बोलायच्या आत म्हातारीने मला ओळखलं. "ह्योच त्यो. आमचे उंबऱ्यावर छिन्नी मारणारा."

मी सर्व्हेअर होतो. वागळे इस्टेटमधल्या एका खासगी ऑफिसात अठ्ठावीस वर्षं जमिनी मोजल्या. आता रिटायर होऊन वर्तकनगरला राहतो. म्हातारी म्हणजे हिराबाई. आंबिवलीच्या पुढे टेकडीखाली एक गाव आहे, तिथून आलेल्या. सोबतची सून सरिता, गावातली अंगणवाडीसेविका. मी दोघींना आत बोलावलं, पण त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. त्या कशासाठी आल्यात ते मला कळलं होतं.

त्यांच्या गावामागे दगडखाण आहे. टेकडीवरची झाडं-माती खरवडायची, सुरुंग लावायचे, दगड फोडून खडी न्यायची. बावीस वर्षांत निम्मी टेकडी गेली. आता खाणवाल्यांना उरलेली निम्मी हवी होती, आणि त्या परवानगीची सुनावणी व्हायची होती. वस्तीपासून ठरावीक अंतराच्या आत सुरुंग लावता येत नाही, आणि ते अंतर गावाच्या शेवटच्या घरापासून मोजतात. शेवटचं घर हिराबाईंचं. पण नकाशात त्या जागी लिहिलं होतं, 'गुरांचा गोठा'. अक्षर माझं.

"ते म्हणतात, घर आम्ही नंतर बांधलं. भरपाई उकळायला," सरिता म्हणाली. "परवानगी मिळाली की आधी आमचं घर जाणार."

गावातल्या बायका वर्षभर भांडत होत्या. डंपरच्या रस्त्यावर आडव्या बसून तांदूळ निवडायच्या, वाल सोलायच्या. एक ड्रायव्हर तासभर थांबून इतका कंटाळला, की शेवटी खाली उतरून तोही वाल सोलायला बसला. मग सरिताने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून हा नकाशा मिळवला.

"काका, बेंचमार्क म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मोजणी करताना एक न हलणारी जागा धरतात. जोत्याचा दगड, पुलाचा कठडा, असं काहीतरी. तिथे छिन्नीने अधिकच्या चिन्हासारखी खूण करायची आणि बाकी सगळं त्या खुणेपासून मोजायचं.

"मग इथे खाली टीप आहे बघा. बेंचमार्क, उंबऱ्याचा उजवा कोपरा." तिने झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. "गोठ्याला उंबरा कधीपासून असतो?"

मी ती टीप पाहिली. बावीस वर्षांत मी तो नकाशा शंभरदा आठवला होता, ही टीप एकदाही आठवली नव्हती.

मग सगळं सांगितलं. मोजणीच्या दिवशी मी त्या घरात चहा प्यायलो होतो. ओटीवर पाळणा होता, चूल पेटलेली होती. ऑफिसात येऊन मी नकाशात 'घर' लिहिलं. साहेबांनी बोलावलं.

"इथे घर दाखवलंस तर खाणीचं लीज होत नाही. गोठा लिही."

"साहेब, मी चहा प्यायलो त्या घरात."

"चहा काय, गोठ्यातही मिळतो. पार्टी मोठी आहे. लिही."

मुलीचं बारावीचं वर्ष होतं, नोकरी जायची भीती होती. हे कारण झालं, सबब नाही. मी 'घर' खोडून 'गोठा' लिहिलं. घाईत खालची टीप तशीच राहिली.

ऐकून हिराबाईंनी झेरॉक्स आपल्याकडे ओढली. माझ्या बायकोने आणलेला चहा त्यांनी हातात घेतला नाही. मग म्हणाल्या, "म्हंजे बावीस वर्सं मी गोठ्यान रवते?"

आणि त्या खदखदून हसायला लागल्या. शिव्या ऐकायची माझी तयारी होती, हसण्याची नव्हती. "सुनावनीला चल," त्या म्हणाल्या. "नाय आलास तर दावं घेऊन येन आनि बांधून नेन तुला." मग त्यांनी चहा घेतला.

मी माळ्यावरून फील्डबुक काढलं. जागेवर मोजलेलं ज्यात लिहितात ती ही वही. तिच्यात खोडरबर चालत नाही. चुकलं तर रेघ मारून पुढे लिहायचं. ही वही मी ऑफिसातून घरी आणली होती. फाडायचा धीर झाला नाही, दाखवायचाही झाला नाही. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, 'घर, कौलारू. उंबऱ्यावर खूण.'

सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन आला. आमचं ऑफिस आता साहेबांचा मुलगा चालवतो.

"काका, या वयात कशाला? सही तुमची आहे. तुम्हीच अडकाल."

"माहीत आहे रे. बाबांना नमस्कार सांग."

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात होती. बायका रांगेने आल्या तेव्हा प्रत्येकीच्या खांद्यावर गुरं बांधायचं दावं होतं. हिराबाईंनी आपलं दावं सरळ अधिकारी मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, नकाशान आमी गुरं हाव. मंग बांधा आमाला. पन वैरन सरकारची."

पटांगण हसलं. बंदोबस्ताच्या हवालदाराने तोंडासमोर टोपी धरली. खाणवाल्यांचा कन्सल्टंट उठला. "मॅडम, हे सगळं इमोशनल आहे. डॉक्युमेंटवर बोलू या."

"डॉक्युमेंट माझं आहे," मी म्हणालो. मी उठून टेबलापाशी गेलो. "हा नकाशा मी काढला. त्यातला गोठा खोटा आहे. तिथे तेव्हाही घर होतं." मी फील्डबुक मॅडमपुढे ठेवलं.

"वही काय, काल रात्री बसूनही लिहिता येते," कन्सल्टंट म्हणाला.

मॅडम उठल्या. "खूण केली होती ना? चला, जागेवर बघू."

सगळं गाव निघालं. हिराबाईंच्या उंबऱ्याशी मी वाकलो आणि बोटांनी कोपरा चाचपला. उजव्या कोपऱ्यावर खूण नव्हती. लालपिवळा जाड थर होता फक्त, दगडासारखा घट्ट. कन्सल्टंटने मोबाइलवर फोटो काढला.

"दिसल कशी?" हिराबाई म्हणाल्या. "उंबऱ्याला घाव केलावतास तू. घावाला हलद नको?"

त्या दिवसापासून त्या रोज उंबरा पुसून त्या खुणेवर हळद लावत होत्या, वर कुंकू. बावीस वर्षं. सरिताने कढत पाणी आणलं. हिराबाईंनी काथ्याने घासायला सुरुवात केली. एकेक थर सुटून पिवळं पाणी ओटीवरून वाहू लागलं, आणि दगडात माझी खूण दिसली. चारही टोकं शाबूत.

मग टेप काढला. खुणेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत, खुणेपासून चिंचेच्या बुंध्यापर्यंत. मॅडमनी स्वतः फील्डबुकातले आकडे वाचले. विहिरीचं माप तंतोतंत जुळलं. चिंचेचं वीतभर कमी आलं.

"हे जुळत नाही," कन्सल्टंट म्हणाला.

"अरे, झाड वाढतं की रे!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. मग कोणी पत्र्याचा डबा बडवायला घेतला आणि बायकांनी तिथेच फेर धरला. वाल सोलणारा तो ड्रायव्हर डंपर रस्त्यात सोडून बघायला आला होता. मलाही कोणीतरी फेरात ओढलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी जिनाही जपून उतरतो, पण त्या दिवशी दोन फेऱ्या मारल्या.

पुढच्या महिन्यात निकाल आला. वाढीव खाणीला परवानगी नाकारली, जुनी हद्दही नव्याने मोजायचा आदेश झाला. गेलेली निम्मी टेकडी काही परत येणार नाही. माझ्यावर चौकशी लागली आहे. दोनदा जबाब देऊन आलो, तिसऱ्यांदा बोलावलं तर जाईन. झोप मात्र चांगली लागते.

फेरमोजणीला आलेल्या सरकारी सर्व्हेअरने तीच खूण बेंचमार्क धरली. नवा नकाशा हिराबाईंनी ओटीवर लावून ठेवला आहे. त्यात 'घर' लिहिलंय. मी गेलो की त्या चहा देतात आणि दरवेळी विचारतात, "गोठ्यातला चा कसा लागतो?"

नव्या सर्व्हेअरांना एवढंच सांगतो. ज्या घरात चहा प्यायलात, ते नकाशावर घरच लिहा. आणि नकाशा सही करून देण्याआधी खालची टीप वाचत जा. मी वाचली नव्हती. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी काम तेच.