पाऊण आणि पाऊण

घोटावड्याच्या आमच्या कारखान्यात एक टाइमकीपर होते. जादा कामाचे तास जुळवून बदली रजा तेच काढून द्यायचे. मी शाळा अर्धवट सोडून लांब सोलापुरातून आलेला, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव "ए सोलापूर". बेरीज करताना त्यांचे ओठ हलत, "पाव, अर्धा, पाऊण". कॅल्क्युलेटर आला तरी ते पुटपुटून ताळा करायचेच.

त्या दिवशी मात्र साहेब शेजारी बसले होते, म्हणून त्यांनी नुसती बटणं दाबली. माझे तास कमी भरले. बहिणीचं लग्न उद्यावर, आणि रजा नाही. मी मशीनवर परतलो.

थोड्या वेळाने ते स्वतःच आले. "चल. पंचेचाळीस नि पंचेचाळीस मिनिटं म्हंजी दीड तास. म्या पॉइंट पंचेचाळीस दोनदा दाबलं, यंत्रानं पॉइंट नव्वद दाखवलं, म्या तास भरला न्हाई असं धरलं."

साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. साहेब म्हणाले, "याचे दुरुस्त करा. बाकीच्यांचं राहू द्या."

"न्हाई साहेब. समद्यांचं चुकलंय."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता माझीही रजा अडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात टाइमकीपरांनी माझी रजेची चिठ्ठी साहेबांपुढे सरकवली, सही घेतली आणि ती माझ्या हातात कोंबली.

"पळ, गाडी गाठ. हितली बोलणी मी खातो."

मी निघालो, पण त्यांना तिथं एकटं टाकून फाटकापर्यंत पळवेना.