रफूवालीचं नाम

रफूवालीनं बुजवलेलं भोक शोधून दाखवा म्हणावं, सात जन्म सापडायचं नाही. जळलेली शाल असो नाहीतर कुरतडलेला कोट, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून ती धागे काढायची आणि असे बेमालूम भरायची की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून बघत बसायचं. काम करताना तिला एक सवय होती. सुई आत गेली की देवाचं नाव, बाहेर आली की देवाचं नाव, तेही ओठातल्या ओठात. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई आपल्याला शिव्या घालतेय. एखाद्याला घालायचीही म्हणा!

पण खरं सांगायचं तर त्या नामानंच तिला आजवर धीर दिला होता. घरात कितीही कटकट असो, टाके घालायला बसली की बाईचं मन ताळ्यावर यायचं.

मग नवऱ्याच्या घशात गाठ निघाली. नवरा बस चालवून निवृत्त झालेला. आवाज एवढा खणखणीत, की मागच्या सीटवर घोरणारा माणूससुद्धा दचकून आपल्या थांब्यावर उतरायचा. तो आवाज पार बसला. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणाले. थांबा म्हणायला त्यांचं काय जातंय हो!

बाईनं नामाचा सपाटाच लावला. भाजी चिरताना नाम, भांडी घासताना नाम. नवऱ्यानं "अगं" म्हणून तोंड उघडलं की ही म्हणायची, "बोलू नका, घशाला ताण पडतो." डॉक्टर असं काही बोलले नव्हते बरं का, हा शोध हिचाच! आणि त्या नामात तरी काय उरलं होतं? नुसती घासाघीस. गाठ साधी निघू दे, मी अमुक सोडीन, मी तमुक करीन. जरा स्वस्थ बसलं की तो रिपोर्टच डोळ्यांपुढे यायचा, म्हणून बाई स्वस्थ बसतच नव्हती.

एका दुपारी बँडमास्तर आपला कोट परत घेऊन आला. "बाई, रागावू नका, पण धुतल्यावर कोपराला चुण्या पडल्यात."

बाईनं कोट पाहिला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रफूत धागा वळवताना कडेला जरासा सैल सोडायचा असतो, नाहीतर धुतल्यावर तो आटतो आणि भोवतालचं कापड ओढून घेतो. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. तिनं एकूण एक धागा करकचून ओढला होता. "ठेवून जा," एवढंच ती म्हणाली. बँडमास्तर गेल्यावर ती उसवायला बसली. ओठ लगेच हलायला लागले.

नवऱ्यानं खुर्ची ओढली आणि तो तिच्यासमोर येऊन बसला.

"दिवसभर देवाशी बोलतेस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझ्याशी कधी बोलणार?"

"अहो, तुमच्यासाठीच तर..."

"ठाऊक आहे गं. पण या घरात मी एकटा पडलोय. मला भीती वाटते. ते सांगायला गेलो की तू मला गप्प करतेस."

सवयीनं नाम ओठावर आलं होतं, ते तिनं तिथंच थांबवलं. देवाला थांबवायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं कोट बाजूला ठेवला.

"सांगा," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. मरणाचं एवढं काही वाटत नाही, पण आवाज गेला तर तिला हाक कशी मारायची, याच विचारानं त्याची झोप उडाली होती. मग तीही बोलली. तीही तेवढीच घाबरली होती आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती हात चालवत होती. दोघंही रडली, अगदी नाक पुसून पुसून.

रिपोर्ट अजून यायचाच होता. तरी बाईच्या मनाला कितीतरी दिवसांनी निवांत वाटलं. देवाकडे काही मागावं असंसुद्धा तिच्या मनात आलं नाही. नवरा बोलतच होता, बसमधल्या कुठल्याशा भांडखोर प्रवाशाचं काहीतरी, तिनं आधी दहादा ऐकलेलं.

"घसा दुखत असेल," ती म्हणाली.

"दुखू दे. तू ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली.