शुक्रवारचा ताजमहाल

आमच्या ह्यांनी स्वित्झर्लंड पाहिलंय, केरळ पाहिलंय, काशीचे घाट तर दोनदा. सगळं भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या घरात, सोफ्यावर पाय घेऊन. मोबाईल टीव्हीला जोडायचा आणि बोट फिरवायचं, की समोर डोंगर फिरतो. खाली आमचे कापड विणायचे लूम खडखडत असायचे आणि वर हे हिमालय चढत असायचे. मी चहा घेऊन आले की म्हणायचे, "थांब जरा, देवळात शिरतोय."

आधी मला याचं हसू यायचं. मग राग यायला लागला, कारण प्रत्येक सहलीचं तेच. आठवडाभर हॉटेलांचे रिव्ह्यू वाचायचे, कुठल्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं ते बघायचं, गाड्यांच्या वेळा जुळवायच्या. मग ती जागा बोटाने उलटसुलट फिरवून बघायची आणि शेवटी म्हणायचं, "बघितली की आता. जाऊन येगळं काय दिसणार हाय?" लग्न झाल्यापासून मी ठाणे जिल्ह्याबाहेर गेले ती लग्नांना नाहीतर मयतांना. मला एकदा कुठेतरी ह्यांच्या शेजारी नुसतं उभं राहायचं होतं, जिथे लूमचा आवाज नसेल आणि बोलायला ओरडावं लागणार नाही. एवढीच हौस, आणि ती त्यांना पन्नासदा सांगून झाली होती.

गेल्या हिवाळ्यात मी अबोला धरला, तेव्हा कुठे ताजमहालाचं नक्की झालं. आता भिवंडीत लूम बंद असतात शुक्रवारी. त्यामुळे आमचं सगळंच शुक्रवारी. डॉक्टर शुक्रवारी, खरेदी शुक्रवारी, पोरगी बघायला जायचं तेही शुक्रवारी. मग ताजमहाल तरी कसा सुटणार? गुरुवारी कल्याणहून निघायचं, शुक्रवारी बघायचं, त्याच रात्रीच्या गाडीने परत. तेवढा वेळ मुकादम सांभाळेल.

प्रवेशाचं तिकीट मात्र ऑनलाइन निघेना. बाकीच्या तारखा ठळक दिसत होत्या, शुक्रवार तेवढा फिका.

"अहो, हे असं का दिसतंय?" मी विचारलं.

"नेट स्लो हाय. तिथंच खिडकीवर काढू."

आग्र्याला उतरलो, हॉटेलात आंघोळी केल्या, मी ठेवणीतली साडी नेसले आणि आम्ही ताजमहालाच्या दरवाज्याशी पोचलो. दरवाजा बंद. रांग नाही, गर्दी नाही, एक चहावाला तेवढा होता. तो आमच्याकडे बघून हसला. "आज जुम्मा है ना, माँजी. जुम्मे को ताज बंद रहता है. सबको मालूम है."

सबको मालूम है! आणि आम्ही भिवंडीचे. जुम्म्याला नमाजासाठी सुट्टी असते, हे आम्हाला आग्र्याच्या चहावाल्याने सांगावं? अख्खा जन्म ज्या सुट्टीवर काढला, ती दुसऱ्यालाही असू शकते हे ह्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, पण प्लॅनिंगचा तोरा मी मिरवत नव्हते.

"उद्या उघडतंय ना? मग एक दिवस राहू या," मी म्हटलं.

"येडी का काय? उद्या लूम चालू व्हायचेत. सुताचे नवे बीम चढवायचेत." आणि त्या बंद दरवाज्यासमोर उभं राहून त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "हे बघ, आतलं सगळं हाय ह्यात. कबर पन दिसते. ये, सावलीत ये, नीट दाखवतो."

संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही जा," मी म्हटलं. "मी बघूनच येणार." त्यांना वाटलं, बोलतेय नुसती. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं.

शनिवारी दुपार कलल्यावर मी रांगेत उभी राहून आत गेले. हॉटेलात मी जन्मात पहिल्यांदा एकटी राहिले होते आणि डोळ्याला डोळा लागला नव्हता. ताजमहाल सुंदर आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पायाखालचा दगड गार होता, हे टीव्हीवर कळलं नसतं. चहूकडे जोडपी एकमेकांचे फोटो काढत होती. एका बाईने मला विचारलं, "अकेली आई हो?" मी हो म्हटलं आणि मला पुन्हा नव्याने चीड आली. मला ताजमहाल ह्यांच्यासोबत बघायचा होता. ती सोबतच नव्हती मिळाली, तर त्या घुमटाचं मी काय करू?

तेवढ्यात ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे लूम चालू, कपाळावर घाम, तोंडासमोर फोन धरून ओरडणं चाललेलं. "पोचलीस का आत? दाखव की जरा!"

मी फोन फिरवला नाही. पदर सारखा केला, कॅमेरा माझ्याच तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "मला बघा."

लूमच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ते ओरडत होते, "अगं, बाजूला हो! मागचं काय दिसत न्हाय!"