उजवीकडं बघ रे बाळा

माझं बाळ एकाच बाजूला बघायचं. मान डावीकडं वळलेली ती वळलेलीच. पहिल्यांदा वाटलं सवय असंल, मग अंघोळ घालताना मानेत गाठ हाताला लागली आणि मी तशीच त्याला घेऊन दवाखान्यात पळाले. चंदीगडात आमचं कोण नाही, नवरा इंडस्ट्रियल एरियात कारखान्यात, मी आठवीपर्यंत शिकलेली, हिंदी तोडकीमोडकी. डॉक्टर म्हणाले, मानेचा स्नायू आखडलाय, व्यायामानं सुटंल, पण वेळेत नाही सुटला तर ऑपरेशन. तेवढ्याशा मानेचं ऑपरेशन! मी रोज आमच्या यमाईपुढं रडायचे, तू हायस का नाहीस म्हणायचे, आणि परत भिऊन स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायचे.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम पंजाबी, लई मायेच्या. त्यांनी हळूच मान वळवून दाखवली आणि सांगितलं, बाळाची उशी खाटेच्या दुसऱ्या टोकाला करा, म्हणजे खिडकी आणि तुम्ही त्याच्या उजवीकडं याल, ते आपणहून तिकडं बघंल. मी हां जी म्हणाले. पण त्या टोकाला उत्तर. आमच्यात उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात. सासूबाई फोनवर किंचाळल्याच, "जित्या लेकराला तसं निजवतीस व्हय गं?" मग माझा हात धजला नाही. मॅडमनी विचारलं की मी आपली हां जी म्हणायचे, आणि मान तशीच.

एक दिवस मॅडमचा चेहरा उतरला. "बेटा, फर्क क्यों नहीं आ रहा? अब सर्जन को दिखाना पड़ेगा." मी बाहेर बाकड्यावर येऊन बसले, बाळ रडत होतं, मी रडत होते, आणि तोंडातनं मोठ्यानं निघालं, आई यमाई गं!

"अगं पोरी, सातारची का तू?" शेजारनं आवाज आला. पांढऱ्या केसांच्या एक काकी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, पुढ्यात वॉकर. मालक मिलिटरीत होते म्हणून इथं जवळच पंचकुल्याला राहिलेल्या. मराठी ऐकून मला भडभडून आलं, एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं वेडाबाई, पोराला कशाला फिरवतीस? खाट ओढ की भिंतीपासनं! डोकं राहू दे जिथं हाय तिथं, तू जाऊन बस पलीकडं, भिंतीच्या अंगाला. खिडकीला पडदा लाव. आणि यमाईला पण लाव त्याच भिंतीला, ती काय नको म्हणतीय?" रडता रडता मला हसू आलं. "आणि मॅडमला खरं सांग. नुसतं हां जी करून मान सरळ होत नसती."

तेवढ्यात आतनं कुणी म्हणालं, "माताजी, आपका नंबर तो कल है." काकी वॉकर धरून उठल्या. "बघ, तारीख चुकली. म्हातारीची फेरी फुकट गेली!" आणि गेल्या पण.

मी तशीच आत गेले, मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आधी असं करून बघू, मग सर्जन. त्याच दिवशी खाट ओढली, देवीचा फोटो त्या भिंतीला लावला. मॅडमनी शिकवलेला व्यायाम रोज केला. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी दिवा लावून मी भिंतीकडनं बसले होते. आधी बाळाचे डोळे ज्योतीकडं आले, मग गाल, मग थरथरत सगळी मान आली. त्या बाजूनं त्यानं मला कधी नीट बघितलंच नव्हतं. नवीन कुणी भेटल्यासारखं बघत राहिलं. मी कुणाला हाक मारली नाही, हललेसुद्धा नाही.

सर्जनकडं जावं लागलं नाही. मॅडम म्हणतात व्यायामानं झालं, आणि ते खरंच आहे. पण नंबर नसताना काकींना त्या बाकड्यावर कुणी आणून बसवलं, ते मी कुणाला विचारत नाही. त्या परत भेटल्या नाहीत, त्यांच्यासाठी दिव्यापुढं हात जोडते. व्यायाम अजून चालू आहे. ओढायचं नसतं, हात ठेवून थांबायचं असतं. आता हात ठेवते आणि म्हणते, आई, हात माझा, बाकी तुझं. मग थांबते. थांबता थांबता मान सैल पडते, आणि ती कधी पडली ते मला कळत पण नाही.